बुडाची डावी बाजू

शिडाच्या बोटीकडे लोक वरून बघतात. पांढरं शीड, चकचकीत कठडे, दोरांची नीट घातलेली वेटोळी. फोटो काढतात आणि घरी जातात. आम्ही बघतो ते खालून. यार्डातल्या क्रेनने बोट पाण्याबाहेर उचलली की तिच्या पोटाखालून जे गळायला लागतं ते ज्याने एकदा नाकात घेतलंय तो पुन्हा आयुष्यात समुद्राच्या मोकळ्या हवेच्या गप्पा मारणार नाही. हिरवं-काळं शेवाळ, त्यात वळवळणारे किडे, दगडासारखी चिकटून बसलेली धारदार कवचं आणि वर्षभराचा गाळ. उन्हात तासभर राहिलं की हे सगळं सडायला लागतं. या घाणीत माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं काढली. गेली सहा वर्षं मी त्याच यार्डाच्या रंगाच्या स्टोअरमध्ये बसते. म्हणजे माझ्या वाट्याला घाण घरचीही आणि दारचीही.

सगळे त्यांना बुडवाले म्हणतात. बोटीचं जे अंग पाण्याखाली असतं ते बूड, आणि ते खरवडून रंगवायचं काम त्यांचं. नवीन आलेली माणसं हे नाव ऐकून फिदीफिदी हसतात. सासरे हसू देतात. मग म्हणतात, "तुमचं स्वतःचं बूड तुम्हाला दिसत नाही, बोटीचं काय दिसणार?" हे मी सहा वर्षांत निदान दोनशे वेळा ऐकलंय आणि एकदाही हसलेले नाही.

घरात त्यांच्या आधी त्यांचा वास शिरतो. थिनरचा, तांबं घातलेल्या रंगाचा आणि त्याखाली कुठेतरी त्या सडक्या शेवाळाचा. सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कायदा केला होता, कामाचे कपडे दाराबाहेर उतरवायचे आणि त्यांची बादली वेगळी. तो कायदा अजून चालू आहे. ते अंघोळ करून आले की मोरीत निळसर पाण्याचा ओघळ राहतो आणि तो घासून काढायचं काम माझ्याकडे, कारण नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने नसतोच. जेवताना सासऱ्यांच्या नखांकडे बघायचं नाही हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. सासूबाई म्हणाल्या होत्या, "मी पंचवीस वर्षं त्यांच्या ताटाकडे बघूनच जेवते. तूही तसंच कर."

पण खरं सांगायचं तर किळस आम्हाला त्यांची यायची त्याहून जास्त त्यांना जगाची यायची. कुणाच्या नव्या घरी बोलावलं की माणसं पडद्यांचं कौतुक करतात. हे भिंतीजवळ जाऊन रंगात नख खुपसणार आणि यजमानाला विचारणार, "याच्या खाली काय आहे?" यजमान बिचारा गोंधळतो. "खाली म्हणजे? भिंत आहे." मग यांचं तोंड असं होतं की जणू चहात माशी पडली. परत येताना रस्ताभर ऐकावं लागतं की लोक कसे घाणीवर रंग फासतात आणि त्यालाच घर म्हणतात.

खाली काय आहे, हा त्यांचा एकच प्रश्न. आणि बोटींच्या बाबतीत तो खराच महत्त्वाचा आहे, हे मलाही कबूल करावं लागेल. बुडाला लावायचे रंग ढोबळमानाने दोन जातींचे. एक टणक, तो घट्ट बसून राहतो. दुसरा मऊ, तो पाण्यात हळूहळू झिजत जातो आणि झिजताना वर बसलेलं शेवाळ घेऊन जातो. मऊवर टणक लावला की खालचा झिजतो, वरचा अधांतरी राहतो आणि पापुद्रे सुटतात. प्रायमरचंही तसंच. काही प्रायमर एका डब्यातले, काही दोन डब्यांतले, हार्डनर घालून कालवायचे. एकाच्या डोक्यावर दुसरा चढवला तर त्याच्यातलं थिनर खालच्याला सुरकुत्या पाडतं. डब्यावर सगळं छापलेलं असतं, पण बोटीवर छापलेलं नसतं ना. पाच मालक बदललेली बोट, प्रत्येकाने स्वस्तात मिळेल ते फासलेलं. म्हणून सासरे मालकाला विचारत आणि मालक बिनदिक्कत खोटं बोलत. "उत्तम प्रतीचा आहे." "कंपनीनेच लावलाय." "मागच्याच वर्षी सगळं नवं केलं." सासरे मान हलवत, थिनरमध्ये चिंधी बुडवत आणि बुडाच्या एका कोपऱ्यात दहा वेळा घासत. चिंधीला रंग आला तर मऊ, नाही आला तर टणक. मालकाकडे न बघताच म्हणत, "चिंधी खोटं बोलत नाही."

यार्डाचा रिवाजच होता. बुडवाले 'पास' म्हणाले नाहीत तर बुडाला रोलर लागायचा नाही आणि रंगवून झाल्यावर ते 'पास' म्हणाले नाहीत तर बोट पाण्यात जायची नाही. शिक्का नाही, सही नाही, नुसता तोंडचा शब्द. त्यांना त्या एका शब्दाचा केवढा अभिमान! घरात कुणी विचारायचं नाही, सासूबाईंनी भाजी कुठली करायची तेही विचारलेलं मी पाहिलं नाही. पण यार्डात लाखमोलाच्या बोटींचे मालक हात बांधून उभे राहायचे आणि हे शेवाळ पुसत पुसत म्हणायचे, पास. मॅनेजरच्या पोटात हे कायम दुखायचं. त्याने रंगाच्या कंपनीकडून एक मोठा तक्ता आणून स्टोअरच्या भिंतीवर लावला होता. उभ्यात प्रायमर, आडव्यात रंग, जुळत असेल तिथे हिरवा चौकोन, नसेल तिथे लाल. "हे बघून कुणीही पास करेल," असं तो मला सारखं ऐकवायचा.

मी काय कमी होते? मला त्या खोटं बोलणाऱ्या मालकांचा इतका वीट आला होता की मी माझा एक नियम काढला. आधीच्या रंगाची पावती आणा, नाव लिहून द्या, सही करा, मग डबा मिळेल. प्रायमर सोडला तर त्याशिवाय स्टोअरच्या खिडकीतून रंगाचा एक थेंबही बाहेर जाणार नाही. साहेब असो की साहेबाचा बाप. मॅनेजर खूश झाला. सासरे नुसतं "बरं आहे" म्हणाले. आणखी एक सांगायला हवं. मी यार्डात लागले त्या दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की इथे सासरा-सून हे नातं नाही. ते माझ्या खिडकीशी कधीच येत नसत. काय हवं ते दुसऱ्या कुणाला तरी पाठवून मागवत, म्हणजे कुणी म्हणायला नको की बुडवाल्यांना सुनेकडून आधी मिळतं.

त्या मोसमात मास्तर आणि बाई आले. दोघं नवरा-बायको, दोघं शाळेतून निवृत्त. मुलंबाळं नाहीत. राहतं घर विकून जुनी शिडाची बोट घेतली होती आणि उरलेलं आयुष्य तिच्यावरच काढायचं ठरवलं होतं. महिनाअखेर निघायचं, कारण त्यानंतर वारा उलटा फिरतो आणि पुढचे सहा महिने त्या दिशेला शिडाची बोट जाऊ शकत नाही. मास्तर अबोल होते, पण बाईंचं तोंड गोड. मला बघितल्या बघितल्या "कशी आहेस बाळा?" मला अशी गोड बोलणारी माणसं सोसत नाहीत. इतक्या मालकांनी साखर पेरून मला गंडवलंय की गोड शब्द ऐकला की माझा हात आपोआप कुलपाकडे जातो.

त्यांच्या बोटीला प्रायमर लागला तो दिवस भयंकर उकाड्याचा होता. सकाळी साडेनऊला सासऱ्यांचा प्रायमरचा शेवटचा हात झाला. दोन डब्यांतला, कालवायचा. या प्रायमरची एक खोड आहे. तो ओलाही नाही आणि पुरता सुकलाही नाही अशा घटकेला त्याच्यावर रंगाचा पहिला हात द्यावा लागतो. अंगठा दाबला तर ठसा उमटला पाहिजे, पण अंगठ्याला काही लागता कामा नये. ती घटका साधली की दोघं एकजीव होतात. चुकली की प्रायमर काचेसारखा होतो. मग अख्खं बूड पाण्याने धुवायचं, पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायचं आणि तेव्हाच रंग लावायचा. दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम. त्या उकाड्यात ती घटका फार तर एक-दीड वाजेपर्यंत होती.

अकरा वाजता बाई खिडकीशी आल्या. "बाळा, बुडवाल्यांनी रंग मागितलाय."

"आधीच्या रंगाची पावती?"

"अगं, आता खाली काही राहिलेलंच नाही. त्यांनी सगळं खरवडून काढलंय."

"असं सगळेच म्हणतात," मी म्हणाले आणि कागद पुढे सरकवला.

बाई बसने त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेल्या, ट्रंका उपसल्या आणि आधीच्या मालकाने दिलेली पावती शोधून घेऊन आल्या. घाम पुसत होत्या. मी पावती उलटीसुलटी करून बघितली. दुकानाचं नाव होतं, रंगाचं नाव होतं, पण शिक्का नव्हता. बिनशिक्क्याची पावती कुणीही घरी बसून लिहितो. मी म्हणाले, दुकानाला फोन करून खात्री करून घेते. दुकान दुपारी बंद होतं. बाई बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मध्ये एकदा मास्तर येऊन विचारून गेले. मी त्यांनाही सांगितलं, नियम सगळ्यांना सारखा. मला तेव्हा अगदी बरं वाटत होतं हो, का लपवू? एवढ्या फसव्या लोकांत आपण एकट्याच सरळ आहोत, असं वाटलं की माणसाची मान आपोआप ताठ होते. शेवटी दुकान उघडलं, फोन लागला, पावती खरी निघाली आणि मी डबे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला सासरे पास म्हणाले आणि बोट पाण्यात गेली.

अठरा दिवसांनी ती परत आली. किनाऱ्याजवळच चाचणी म्हणून फिरत असताना मास्तरांना पाण्यावर लाल पापुद्रे तरंगताना दिसले. क्रेनने वर घेतली तर उजवी बाजू ठणठणीत, आणि डावी बाजू बघवत नव्हती. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तसा रंग निघून लोंबत होता आणि उघड्या पडलेल्या जागेवर शेवाळाने आत्तापासूनच संसार मांडला होता. महिना संपायला चार दिवस उरले होते.

सगळे खाली जमले. मॅनेजरने सासऱ्यांना सगळ्यांसमोर विचारलं, "बुडवाले, हे काय? तुमच्या शब्दावर बोट सोडली ना आपण? चूक मालकाची असेल तर तसं सांगा. तुमची असेल तर आजपासून पास म्हणणं बंद."

मला तिथे बोलायचं काही कारण नव्हतं. पण माझं डोकं फिरलं. चौतीस वर्षांचा माणूस आणि हा कालचा मॅनेजर त्याला असं उभं करतो? आणि हे सगळं कुणामुळे, तर गोड बोलणाऱ्या या बाईमुळे. मी बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "डाव्या बाजूला दुसरा रंग होता की नाही? मऊ? पावती एकाची आणि बुडाला भलताच. मला वाटलंच होतं. वयाने एवढ्या मोठ्या, शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवलंत, आणि स्वतः?"

बाई मास्तरांकडे बघायला लागल्या, आपल्याकडून खरंच काही चुकलं की काय असं. मास्तर म्हणाले, "आम्ही दिलेली पावती खरी होती," आणि खाली बघायला लागले. मला तर ते कबुली दिल्यासारखंच वाटलं.

सासरे तोपर्यंत बुडाखाली वाकले होते. त्यांनी तळहाताएवढा एक पापुद्रा खरवडायच्या पत्रीने सोडवला आणि उलटा करून उजेडात धरला. पापुद्र्याची पाठ वाचता येते. पाठीला जुना रंग चिकटून आला तर दोष जुन्या रंगाचा. ही पाठ स्वच्छ होती, गुळगुळीत, लाल. प्रायमर होता तिथेच बुडाला घट्ट बसून होता.

"सूनबाई, बाईंना काही बोलू नकोस," ते म्हणाले. यार्डात त्यांनी मला सूनबाई म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. "खाली जुनं काही नव्हतंच. मी सगळं खरवडलं होतं. प्रायमर वाळून खडखडीत झाला होता. अंगठा लावला तेव्हाच कळलं. पेपर मारायला हवा होता. उजवी बाजू मारली, डावी नाही मारली. नुसती पुसली आणि रंग लावला. पास म्हणालो."

"का?" मॅनेजरने विचारलं.

"झालं तसं."

एवढंच. मला इतकी शरम वाटली की जमीन दुभंगली असती तर बरं. माझी शरम त्यांच्याबद्दलची होती, हे नीट सांगते. मी सगळ्यांसमोर त्यांची बाजू घेऊन एका म्हाताऱ्या बाईला नाही नाही ते बोलले, आणि हा माणूस सांगतो की कंटाळा केला! लोकांच्या भिंतींना नखं लावत फिरणारा माणूस! मॅनेजरने तिथल्या तिथे जाहीर केलं, "उद्यापासून पास वहिनी म्हणतील. कागदाशिवाय डबा सोडत नाहीत, असंच माणूस पाहिजे. तक्ता आहेच." मी नको म्हणाले नाही. उलट मनात आलं, घरातला शब्द घरातच राहिला, आणि तो आता तरी लायक माणसाकडे आला.

घरी मी त्यांच्याशी बोलले नाही. जेवायला वाढलं आणि ताट आपटलं. ते जेवून बाहेर खुर्चीत जाऊन बसले. मी सासूबाईंपुढे सगळं ओकले. काय म्हणून अर्धं बूड सोडलं, कुणाची घाई होती, दोन माणसांचं घर आहे ते, पाण्यात मधोमध काही झालं असतं तर? सासूबाई भांडी विसळत ऐकत होत्या.

"त्याच दिवशी ना, ज्या दिवशी ते रात्री अकराला घरी आले?" त्यांनी विचारलं. "तू टीव्ही बघत होतीस. मी त्यांना आत भरवलं."

"भरवलं म्हणजे?"

"हात वर होत नव्हते. घास तोंडापर्यंत जाईना. पाच वाजल्यापासून एकटे पेपर मारत होते म्हणे. एक बाजू झाली आणि खांदे धरले."

"पण पाचला का? पेपर मारायची वेळच का आली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "ते मला काय विचारतेस? म्हणाले, रंग चारनंतर आला."

सकाळी स्टोअर उघडून आधी रजिस्टर काढलं. माझंच अक्षर. वेळ लिहायची मला फार हौस आहे, प्रत्येक डब्यापुढे घड्याळ बघून लिहिते. त्या दोन डब्यांपुढे चार वीस लिहिलं होतं. त्याच्या वर मीच टीप लिहिली होती, पावती पडताळली, बरोबर आहे. बरोबर आहे! जुन्या रंगाची पावती, जो रंग त्याच्या आठवडाभर आधीच खरवडून कचऱ्यात गेला होता. स्टोअरपासून बोट पंचवीस पावलांवर उभी होती. मी मान वर करून बघितलं असतं तरी उघडं बूड दिसलं असतं. ते रजिस्टर मला हातात धरवेना.

मॅनेजरकडे गेले. सांगितलं, उशीर माझ्यामुळे झाला. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते मला ठाऊक आहे, तुमच्या वहीतच आहे. पण पास कोण म्हणालं? तुम्ही?" बोलणं खरं होतं, पण ते त्याच्या तोंडून इतकं खुशीत निघालं की मला शिसारी आली.

मग मी सासऱ्यांना गाठलं. ते डावी बाजू खरवडत होते. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही मला पाठीशी का घातलंत?"

त्यांनी पत्री थांबवली नाही. "तुला कोण पाठीशी घालतंय? उगाच मला साधू करू नकोस."

"माझं नाव घेतलं नाहीत."

"उशीर झाला तर बूड बिघडत नाही. उशीर रोज होतो. धुवायचं, पेपर मारायचा, एक दिवस जास्त. क्रेन पुढे ढकला म्हणायचं, झालं." ते थोडा वेळ खरवडत राहिले. "मला म्हणवेना. का ढकलायची असं त्याने विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की एक बाजू झाली, दुसरी माझ्याने होत नाही. सोबतीला माणूस द्या, असं चौतीस वर्षांत मी कुणाला म्हटलेलं नाही. डावी नुसती पुसली आणि स्वतःलाच म्हणालो, धरेल. आयुष्यभर ज्यांना शिव्या घातल्या त्यांच्यासारखं घाणीवर फासलं मी."

त्यांनी थुंकल्यासारखं केलं, पण थुंकले नाहीत. मी दुसरी पत्री घेतली आणि त्यांच्या शेजारी खरवडायला लागले. ते एकदाच म्हणाले, "तिरकी धर. बूड आहे, भांडं नाही."

डावी बाजू आम्ही दोघांनी केली. मी पेपर मारला, ते बादलीवर बसून नुसते बोट दाखवत राहिले, इथे राहिलंय, तिथे चकाकतंय. माझे हात दुसऱ्या दिवशी केस विंचरायला वर होत नव्हते. प्रायमर झाला, आणि या वेळी डबे मी आधीच आणून बोटीखाली ठेवले होते. मी त्यांना म्हणाले, "बाबा, अंगठा लावा." ते म्हणाले, "पास तुझ्याकडे आहे. तक्त्याला विचार." मग मीच लावला. ठसा उमटला. मला काही कळलं नाही, हवा तेवढा उमटला की जास्त, की कमी. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते दुसरीकडे बघत होते. शेवटी न राहवून त्यांनीच उठून अंगठा टेकवला आणि रोलर उचलला.

पण या सगळ्यात आठवडा गेला आणि तोवर वारा फिरला होता. मास्तर आणि बाई अडकले. भाड्याची खोली आधीच सोडलेली होती, घर विकलेलं. उलट्या वाऱ्यात धक्क्याला बोट ठेवता येत नाही, म्हणून तेव्हापासून ती दोघं यार्डातच, टेकूंवर उभ्या केलेल्या बोटीत राहतात. पाण्यावर नाही आणि जमिनीवरही नाही. रोज सकाळी बाई शिडी उतरून येतात, हातात झाकण घातलेली बादली, कारण टेकूंवरच्या बोटीत संडास वापरता येत नाही. यार्डाच्या संडासाशी रांगेत उभ्या राहतात, क्रेनवाले, वेल्डर आणि मध्ये पदर खोचलेल्या बाई. ती रांग माझ्या खिडकीतून दिसते. सासरे बाजूच्या बोटीखाली खरवडत असतात. रांगेकडे पाठ करून.

कालपर्यंत मी खिडकी अर्धी लावून घेत होते. काल बाई बादली घेऊन परत जाताना स्वतःच थांबल्या. म्हणाल्या, "बाळा, त्या दिवशी तू मला बोललीस ते मी मनात ठेवलेलं नाही. सासऱ्यांसाठी बोललीस. त्यांचं आता वय झालं, होतं माणसाकडून. पण तुझ्यासारखं काटेकोर माणूस पहिल्यापासून पास करायला असतं तर आम्ही आज समुद्रात असतो, असं मी ह्यांना रोज म्हणते."

बाजूच्या बुडाखालचा पत्रीचा आवाज थांबला. त्यांना ऐकू गेलं होतं. ते काही बोलणार नव्हते, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने आवाज पुन्हा सुरू झाला.

"बाई," मी म्हणाले, "प्रायमर वाळला तो रंग उशिरा आला म्हणून. रंग मी अडवला होता."

त्यांना आधी समजलं नाही. मग त्यांनी बादली खाली ठेवली. वर्गात उत्तर तपासावं तशा हळू बोलल्या, "पण पावती तर मी आणून दिली होती. एकच्या आत."

"हो, एकला पाच मिनिटं कमी होती."

"तेव्हा लागला असता का रंग?"

"लागला असता. दीडपर्यंत वेळ होती."

"दुकान तर तेव्हा उघडं असणार. एकलाच बंद होतं ते. तू लगेच फोन का नाही केलास?"

"माझी जेवायची वेळ झाली होती," मी म्हणाले. "मी खिडकी लावून जेवायला बसले."